बायॉलॉजीला जायचंय? आधी केमिस्ट्रीची जागा पकडा

मुलगी कम्युनिटी कॉलेजात शिकते हे सांगताना बे एरियातल्या मराठी आई-बाबांचा आवाज अजूनही जरा खाली येतो. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी मला बाजूला घेतंच. "ताई, तुम्ही तिथेच असता ना? तिथून पुढे बर्कली-बिर्कली मिळतं का हो?"

मी तिथेच असते, पण शिकवत नाही. कोल्हापूरला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं आणि इथे एका कम्युनिटी कॉलेजच्या बायॉलॉजी विभागात लॅब टेक्निशियन झाले. अगार ओतायचं, जेल तयार ठेवायचे, डिसेक्शनचे ट्रे लावायचे, वर्ग संपला की वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये घालायच्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे शिट्टी नसलेला मोठा प्रेशर कुकर. प्राध्यापकांना जे विचारायला मुलं कचरतात, ते ती मला हात धुताधुता विचारतात. त्यामुळे ट्रान्सफर, म्हणजे इथून पुढच्या युनिव्हर्सिटीत जाणं, कुणाचं कुठे अडकतं, ते मला बऱ्यापैकी कळतं.

तर, मिळतं. कॅलिफोर्नियात ही वाट मागच्या दाराची नाही, आखून ठेवलेली आहे. 1960 च्या मास्टर प्लॅनमध्ये ठरलं की शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी. आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी. तिथे दोन वर्षं शिकून यूसीच्या तिसऱ्या वर्षात जायचं, ही सोयही त्याच आराखड्यातली. आज अशी 116 कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर पडतात. ट्रान्सफरला लागणाऱ्या 60 युनिटांचे होतात 2760 डॉलर. यूसीची एका वर्षाची फीच सुमारे 15 हजारांच्या घरात आहे. आवाज खाली आणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मानवी जिनोमच्या शर्यतीत गाजलेले क्रेग व्हेंटर व्हिएतनामहून परतल्यावर कॉलेज ऑफ सॅन मटेओत शिकले आणि तिथून यूसी सॅन डिएगोला गेले. 1984 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे ब्रूस मेरिफील्ड पासाडीना ज्युनिअर कॉलेजातून यूसीएलएला गेले होते.

आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याच जातीची ही व्यवस्था. पण इथे एकच मेरिट लिस्ट लागत नाही. प्रत्येक कॅम्पस आणि तिथलं प्रत्येक मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, आपापली यादी ठेवतं: आमच्याकडे यायच्या आधी हे हे विषय झालेले हवेत. घोळ होतो तो या यादीत.

बारावी सायन्स करून बारामतीहून आई-बाबांबरोबर इकडे आलेली एक मुलगी आमच्याकडे होती. शनिवार-रविवार इंडियन ग्रोसरीच्या दुकानात काम, बाकी दिवस कॉलेज. मोलेक्युलर बायॉलॉजी करायचं हे तिचं पक्कं होतं. सल्ला देणाऱ्या कुणीतरी तिला पहिल्या सत्रात 'बायॉलॉजी' घे म्हणून सांगितलं आणि तिने घेतलं. निघालं ते नॉन-मेजर्सचं बायॉलॉजी, म्हणजे कॉमर्स-आर्ट्सवाल्यांची विज्ञानाची अट भागवणारं. आमच्या विभागात एकाच कॉरिडॉरमध्ये तीन तऱ्हेची बायॉलॉजी शिकवली जाते: ही एक, नर्सिंगला जाणाऱ्यांची ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दुसरी आणि मेजर्सची मालिका तिसरी. यूसीच्या बायॉलॉजीची पूर्वतयारी म्हणून चालते ती फक्त तिसरी. आणि बऱ्याच कॉलेजांत त्या मालिकेला बसायचं तर आधी जनरल केमिस्ट्री लागते.

"मावशी, केमिस्ट्रीला वेटलिस्टवर नववा नंबर आहे. पुढच्या सेमिस्टरला घेऊ का?"

मी म्हटलं, अजिबात नको. गणित सरळ आहे. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रं, ती झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिकची पुन्हा दोन. झाली चार सत्रं, म्हणजे पुरती दोन वर्षं. शेजारी कॅल्क्युलस आणि त्याच्यावर टेकलेलं फिजिक्स. सगळ्याच कॅम्पसना ऑरगॅनिक आणि फिजिक्स दोन्ही पूर्ण लागतात असं नाही, पण कुठल्यातरी एकाला लागतंच. पहिल्या सत्रातली केमिस्ट्री हुकली की साखळीची प्रत्येक कडी पुढे सरकते. बायॉलॉजीत रखडलेली मुलं मी पाहते, त्यांतली फार थोडी बायॉलॉजीमुळे रखडलेली असतात.

लॅबच्या वर्गात जितके ओटे तितकीच मुलं घेता येतात. पण पहिल्या दिवशी काही नोंदवलेली मुलं येतच नाहीत. प्राध्यापक त्यांची नावं काढतात आणि दारात उभ्या असलेल्यांना नोंदणीचा ॲड कोड देतात. ती जाऊन उभी राहिली. तिला कोड मिळाला.

वेळेचा आणखी एक पेच आहे. यूसीचा अर्ज भरायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, प्रवेश पुढच्या वर्षीच्या फॉल सत्राचा. म्हणजे दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र अजून चालू असतं आणि हातात असतात ते फक्त पहिल्या वर्षाचे ग्रेड. जानेवारीत नवे ग्रेड कळवायचे असतात, एप्रिलअखेरपर्यंत निकाल. सॅटचे गुण कुणी बघत नाही, शिफारसपत्रंही साधारणपणे लागत नाहीत. त्यामुळे 'पहिलं वर्ष रुळायला, दुसऱ्यात बघू' हे इथे परवडत नाही. शिवाय सी मिळालेला विषय पुन्हा देऊन ग्रेड सुधारता येत नाही. विषय बुडतोय असं दिसलं तर मुदतीत सोडून डब्ल्यू, म्हणजे 'विथड्रॉ'चा शेरा, घेतलेला बरा; एखाद्या डब्ल्यूने आभाळ कोसळत नाही.

अर्जात साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं लिहायची असतात. त्यातला एक प्रश्न ट्रान्सफरवाल्यांना सक्तीचा: या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केलीत? मुलं तिथे आजीच्या आजारपणावर लिहितात. मनापासूनच लिहितात, पण प्रश्न तो नसतो. त्या मुलीला मी म्हटलं, तुझ्या पीसीआरनंतर जेलवर एकही बँड आला नव्हता, मग तू काय काय तपासलंस, ते लिही की.

डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांताक्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड या सहा कॅम्पसांची 'टॅग' नावाची हमी आहे. ठरलेले विषय आणि ग्रेड असले तर जागा नक्की. सहांपैकी एकाकडेच ती मागता येते, सप्टेंबरात, आणि सगळ्या मेजरना ती नसते. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत. त्या मुलीने डेव्हिसचं टॅग घेतलं आणि बर्कलीलाही अर्ज केला. बर्कलीने नाही म्हटलं. आता ती डेव्हिसला आहे.

तिथे तिला पहिला धक्का बसला तो वेगाचा. बर्कली आणि मर्सेड सोडले तर यूसीत दहा आठवड्यांची क्वार्टर असते. सेमिस्टरची सवय झालेल्या मुलाला पुस्तक उघडेपर्यंत मिडटर्म येते. थेट बारावीनंतर आलेली मुलं एव्हाना एखाद्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये रुजलेली असतात, ट्रान्सफरवाल्यांच्या हातात दोनच वर्षं. म्हणून संशोधनाची जागा विचारणारे ईमेल पहिल्याच क्वार्टरमध्ये पाठवायला हवेत.

महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर थेट कम्युनिटी कॉलेजात यायचा बेत असेल, तर वरचा 46 डॉलरचा आकडा विसरा. परराज्य-परदेशच्या विद्यार्थ्यांची फी कितीतरी जास्त असते आणि पुढे यूसीतही नेहमीच्या फीवर वर्षाला 30 हजार डॉलरांहून अधिक भरावे लागतात. स्वस्तात पदवी हे एजंटचं गणित त्यांना लागू पडत नाही.

इथे राहणाऱ्यांनी मात्र कॉलेजची नोंदणी उघडण्याआधी 'असिस्ट' हे राज्याचं संकेतस्थळ उघडावं. फुकट आहे. आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेजर निवडलं की कुठला विषय कुठल्या विषयाला चालतो त्याची यादी समोर येते. तीन-चार कॅम्पसांच्या याद्या छापून काउन्सेलरकडे न्या आणि पहिल्या सत्रात केमिस्ट्री बसते का, हे सगळ्यात आधी विचारा.