मांडू

मांडू : (मांडवगड). माळव्याच्या सुलतानांची इतिहासप्रसिद्ध राजधानी. मध्य प्रदेश राज्याच्या धार जिल्ह्यात, धारपासून सु. ३५ किमी.वर विंध्य पर्वताच्या एका सुट्या पठारावर ती वसली असून समुद्रसपाटीपासून उंची सु. ६३४ मी. आहे. काकरा खोह या खोल दरीने हे पठार माळव्याच्या मुख्य भूमीपासून तोडले आहे. दक्षिणेस कडा एकदम निमाडच्या मैदानात उतरतो. पठाराच्या कडेने सु. ३७ किमी. घेराचा तट आहे.

परमारकालीन हा दुर्ग १३०५ मध्ये अलाउद्दीन खल्‌जीच्या फौजेने घेतला. दिलावरखान घोरी १४०१ मध्ये स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा होशंगशाह याने धारहून राजधानी येथे आणली. मांडूस ‘शादियाबाद’ (आनंदनगरी) असे नाव मिळाले. महमूद खल्‌जीने (कार. १४३६–६९) मेवाडवरील विजयाप्रीत्यर्थ येथे सातमजली मनोरा उभारला. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, राणा कुंभाचा विजयस्तंभ चितोडला अद्याप उभा आहे. मांडूच्या मनोऱ्याचा मात्र केवळ तळ उरला आहे. गुजरातच्या बहादुरशाहने १५३१ मध्ये खल्‌जी सत्ता संपविली. पुढे १५६१ मध्ये अकबराच्या सैन्याने बाजबहादुराचा पराभव केला. अठराव्या शतकात मांडू धारच्या पवारांकडे आले. तोवर नगर बहुतांशी ओस पडले होते.

एवढ्या उंचीवर बारमाही नदी नाही, त्यामुळे पावसाचे पाणी साठविणे हाच नगराच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. तलाव, कुंड, पायविहिरी व छतांवरील पन्हळी यांची येथील योजना वाड्यांच्या शोभेइतकीच अभ्यसनीय आहे. कपूर व मुंज या तलावांमधील अरुंद भूमीवर बांधलेला लांबट जहाज महाल पावसाळ्यात खरोखरच पाण्यात नांगरलेल्या गलबतासारखा दिसतो. शेजारच्या हिंदोळा महालाच्या भिंती बाहेरून उतरत्या आहेत. १४५४ मध्ये पूर्ण झालेली जामी मशीद भव्य, पण अलंकरणात संयमी आहे. तिच्यामागील होशंगशाहच्या संगमरवरी कबरीस शाहजहानच्या वास्तुविशारदांनी १६५९ मध्ये भेट दिल्याचा कोरीव लेख आहे.

लोकमानसात मांडू हे बाजबहादूर व रूपमती यांच्या प्रेमकथेचे स्थळ आहे. तथापि बाजबहादुराचा म्हणून दाखविला जाणारा महाल त्याच्या आधीचा असून तेथील लेख नासिरुद्दीनच्या काळातील आहे. निमाडच्या मैदानावर नजर ठेवणाऱ्या एका चौकीवर पुढे छत्र्या उभारल्या गेल्या, त्याच आज रूपमतीच्या नावाने ओळखल्या जातात. निरभ्र दिवशी तेथून नर्मदेची रेषा दिसते.

मांडूस जावे ते पावसाळ्यात. १६१७ मध्ये येथे काही महिने राहिलेल्या जहांगीरानेही आपल्या आत्मचरित्रात येथील वर्षाऋतूची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. हिरवळीतून डोकावणारे भग्न घुमट आणि जाड बुंध्यांचे गोरखचिंचेचे वृक्ष यांमुळे या स्थळास आगळे रूप लाभले आहे. मूळचा आफ्रिकेतील हा वृक्ष येथे ‘खुरासानी इमली’ या नावाने ओळखला जातो व त्याची आंबट फळे बाजारात विकली जातात.