माशांनाही थंडी वाजते!

"आई, हा हलत का नाहीये?" डिसेंबरातल्या एका सकाळी लेकीनं विचारलं. मी पोळ्या लाटत होते, डब्याची घाई चाललेली. जाऊन बघते तर टेबलावरच्या काचेच्या भांड्यात निळा फायटर तळाशी आडवा पडलेला. त्याआधी दिवाळीत आणलेले दोन गोल्डफिशही पंधरा दिवसांत गेले होते. लेक रडली नाही. "आपल्याला नीट सांभाळता येत नाहीत का गं?" एवढंच म्हणाली. ते मात्र मनाला फार लागलं.

दुकानदारानं सांगितलं होतं, "ताई, काही करावं लागत नाही. दोन दिवसांनी पाणी बदला, बस्स!" मी अगदी मन लावून तेच केलं. चूक नेमकी तिथंच होती, हे नंतर वाचून, चार जाणत्यांना विचारून कळलं.

गोल्डफिश थंडीनं गेले नाहीत, थंडी त्यांना सोसते. पण हा मासा चांगला वीतभर वाढतो, खातो भरपूर आणि पाणीही तितकंच घाण करतो. माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो, तो त्यांना विषासारखा. टाकीतल्या स्पंजवर, खड्यांवर वाढणारे जिवाणू तो अमोनिया संपवतात. हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. मी मात्र दर दोन दिवसांनी भांडं घासूनपुसून लख्ख करत होते, वर नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच ओतत होते!

फायटरचं दुखणं वेगळं. तो उष्ण मुलखातला. त्याला साधारण २४ ते २८ अंश ऊबदार पाणी लागतं. विरजण लावताना आपण दुधात बोट बुडवून बघतो, पण इथं बोटाचा भरवसा नाही. मी साधा काचेचा थर्मामीटर आणला. पहाटेचं पाणी निघालं १७ अंश! निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण चहा पिताना वाचतो, पण आपल्याच टेबलावर कुणी कुडकुडतंय हे ध्यानात येत नाही.

हीटर बसवता येतो. पण वीज गेली की पाणी पुन्हा गार, आणि घरात लहान मूल. म्हणून ठरवलं, आपल्या घरच्या पाण्यात राहील असाच मासा आणायचा. थंडीबरोबर मे महिनाही बघायला हवा. तेव्हा हेच पाणी तिशीच्या वर जातं. परदेशी पुस्तकांत हीटरशिवायच्या टाकीसाठी व्हाइट क्लाउड नावाचा चिनी मासा सुचवतात. हिवाळ्यात तो मजेत राहील, आपला उन्हाळा त्याला झेपायचा नाही. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी काटक खरे, पण पाणी १८ अंशांच्या खाली गेलं की तेही मलूल होतात. शिवाय त्यांची पिल्लावळ आवरत नाही.

शेवटी पसंत पडला तो झेब्रा मासा. निळसर पट्ट्यांचा, जेमतेम दीड इंचाचा, आपल्याच देशातला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२च्या पुस्तकात त्याची नोंद आहे. जखमी झालेलं हृदय तो पुन्हा भरून काढतो, म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर अभ्यास चालतो. थंडी, उन्हाळा दोन्ही सोसतो. मात्र एकटादुकटा ठेवू नये, सहा तरी हवेत. टाकी दोन फूट लांब हवी आणि वर झाकण हवंच, कारण पठ्ठ्या उडी मारतो!

जागा कमी असेल तर वीस लिटरच्या टाकीत लाल चेरी कोळंबी ठेवता येते. सासूबाई अलिबागच्या. त्या म्हणाल्या, "अगं, कोळंबी आमटीत घालायची की पाळायची?" ही नखाएवढी, थंडी सोसणारी, शेवाळ खाणारी. पण तांबं तिला अजिबात चालत नाही. तांब्याच्या हंड्यातलं पाणी टाकीत घालू नका. डास मारायचा फवारा तर त्या खोलीत मारूच नका, माशांनाही तो घातक. उन्हाळ्यात झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा येऊ द्यावा.

आता आमच्याकडे मासे येण्याआधी टाकी महिनाभर चालू होती. रोज चिमूटभर खाणं घालायचो, म्हणजे जिवाणूंचं पोट भरतं! आठवड्याला फक्त पाव हिस्सा पाणी बदलते, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं. थंडीत खाणं निम्म्यावर आणते.

आणखी एक. कंटाळा आला म्हणून मासे गोदावरीत सोडू नका. त्यात पुण्य नाही. काचा साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा उजनी धरणात पसरला आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना, धंद्याला ताप होऊन बसला. नको झाले तर दुकानात परत द्या.

यंदाच्या थंडीत पाणी पुन्हा १६ अंशांवर उतरलं. लेक उठली की दात घासायच्या आधी टाकीपाशी जाते आणि मोजते. परवा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, सहाच्या सहा आहेत."