टोपी कुणी घातली?

काल तुमच्या लॅपटॉपवर मस्त चालणारा प्रोजेक्ट आज ग्रुपमधल्या मित्राकडे सुरूच होत नाहीये? कोडची एक ओळही बदललेली नाही? मग ‘पॅकेज डॉट जेसन’ फाइल उघडून बघा. लायब्ररीच्या व्हर्जन नंबरआधी ^ असं टोपीसारखं चिन्ह दिसेल. ते तुम्ही टाकलेलं नाही. एनपीएमने डिफॉल्ट म्हणून टाकलंय.

^१.४.० याचा अर्थ, १.४.० पासून पुढचं आणि २.०.० च्या आतलं कुठलंही व्हर्जन चालेल. पहिला आकडा तोच असेल, तर जुनं काही मोडणार नाही, हा त्यामागचा विश्वास. पण तो पाळणं लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हातात! जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ लायब्ररीच्या लेखकानेच मुद्दाम न संपणारा लूप टाकून नवं व्हर्जन सोडलं आणि टोपीवाल्या प्रोजेक्ट्समध्ये ते आपोआप शिरलं.

मग अपडेट बंदच करायचे का? तेही महागात पडतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. अपाचे स्ट्रट्समधल्या ज्या त्रुटीतून चोर शिरले, तिची दुरुस्ती चोरीच्या आधीच, मार्चमध्ये आली होती. ती वेळेवर बसवलीच गेली नाही.

म्हणजे शहाणं डिफॉल्ट या दोन्हींच्या मधलं हवं. उबंटूचंच बघा ना. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतात, पण अख्खी सिस्टीम नव्या व्हर्जनवर न्यायची असेल, तर आधी तुम्हाला विचारलं जातं. पीएनपीएममध्ये २०२५ पासून ‘व्हर्जन येऊन इतका वेळ झाल्याशिवाय घेऊ नको’ असंही सांगता येतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’मध्ये घुसवलेला घातक कोड काही तासांतच पकडला गेला होता. जे थांबले, ते वाचले.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. ‘पॅकेज-लॉक’ फाइल गिटमध्ये टाकायला विसरू नका. कुठलं व्हर्जन नेमकं वापरलं, याची नोंद तिच्यात असते. मित्राला ‘एनपीएम सीआय’ चालवायला सांगा, म्हणजे त्याच्याकडेही तीच व्हर्जन्स येतील. अधूनमधून ‘एनपीएम ऑडिट’ करून धोकादायक लायब्ररी बदला. फक्त हा उद्योग सबमिशनच्या आदल्या रात्री नको!