विकायचं नाही, मोडायचं नाही

भाऊ नोकरीनिमित्त नागोयाला असतो. नोव्हेंबरात त्याच्याकडे गेले, तेव्हा वहिनी म्हणाली, ‘‘ताई, टोकियो-क्योतो सगळेच बघतात. तुम्हाला त्सुमागोला नेते.’’

डोंगरातलं चिमुकलं गाव. एदो (म्हणजे आजचं टोकियो) ते क्योतो या जुन्या वाटेवरच्या ६९ मुक्कामांपैकी ४२वा. पुढे रेल्वे बाजूनं गेली आणि गाव ओस पडू लागलं. १९६८ मध्ये घरांची डागडुजी सुरू झाली. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं, घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, मोडायचं नाही. आजही मुख्य रस्त्यावर विजेची तार दिसत नाही, दिवसा मोटार येत नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या भाताच्या चपट्या वड्या मिळतात, वर अक्रोड घातलेलं खमंग वाटण. मी दोन खाल्ल्या!

खरं सांगू? तिथे मला सारखा आमचा वाडा आठवत होता. दोन वर्षांपूर्वी तो बिल्डरला दिला. उंच पायऱ्या, माळ्यावर घुशी, झाडलोट सगळी माझ्याच अंगावर. विकायचा आग्रह माझाच होता. सासूबाई तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या.

परतल्यावर त्यांना फोटो दाखवले. लाकडी जाळीच्या खिडकीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘हे पुसायला किती वेळ लागत असेल गं!’’