'माझं' आणि 'आपलं'

पिंपळगाव बसवंत आणि आसपासच्या मळ्यांत आमच्या बचत गटांच्या बैठका होतात. बचत, हप्ता, सह्या आटोपल्या तरी बायका लगेच उठत नाहीत. दारात चपला घालता घालता घरातल्या दारूचा विषय निघतो. आज त्याबद्दल बोलू.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' नावाचा गट चालतो. अशा गटातल्या बायका ना एका गावच्या, ना नात्यातल्या. मग त्यांचं 'आपण' कसं तयार होतं?

सुरुवात ऐकण्यातून होते. घरातली दारू बाई वर्षानुवर्षं झाकते. कामावर सांगते, "त्यांना बरं नाही." मनात मात्र वाटतं, आपलंच काही चुकलं. गटात दुसरी बोलते आणि तिची गोष्ट आपलीच निघते, अगदी पैसे लपवायचा तांदळाचा डबासुद्धा! 'मी एकटीच नाही' हे कळणं उपचाराचाच भाग असतं, असं अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी मांडलं. पुढे हीच बाई नव्या बाईला धीर देते. बिचारी म्हणून आलेली आता कुणाच्या तरी उपयोगाची असते. आम्हाला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो.

नेमही लागतो. ठरलेला वार, सगळ्यांना बोलायची पाळी, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट १९०५ पासून क्षयाच्या गरीब रुग्णांना दर आठवड्याला एकत्र बसवत. वेगवेगळ्या धर्मांची ती माणसं एका आजारानं जोडली गेली.

पण हे 'आपण' कशावर उभं आहे ते बघावं लागतं. 'आमच्या नवऱ्यांनी सोडली' हीच गटाची ओळख झाली, तर ज्याची पुन्हा सुरू झाली त्याची बायको लाजेनं यायची बंद होते, आणि नेमकी तेव्हाच तिला गरज असते. व्यसन हा आजार आहे, तो उलटतो. म्हणून येईल ती आपली, घरी काहीही चालू असो. मारहाण होत असेल तर मात्र नुसत्या बोलण्यावर थांबू नका, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

आणखी एक. बोलायची बैठक हप्त्याच्या दिवशी ठेवू नका. जिचा हप्ता थकलाय ती त्या दिवशी तोंड उघडणार नाही. छाटणीच्या दिवसांत दुपार जमत नाही, तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर बसा. बचतीची वही घरीच राहू द्या.