गोवर आणि गावाचे कवच

गोवर हा खोकल्या-शिंकांवाटे हवेतून पसरणारा अत्यंत सांसर्गिक रोग होय. ९ महिन्यांखालील अर्भकास त्याची लस सहसा देत नाहीत. त्याचे रक्षण बरेचसे भोवतालच्या मुलांच्या लसीकरणावर अवलंबून असते. १०० पैकी सुमारे ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच रोगाची साखळी तुटते. पहिली मात्रा ९ ते १२ व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात देतात. राहिलेली मात्रा ५ वर्षांपर्यंत देता येते. म्हणून शिक्षकांनी मुलांस दाखल करून घेताना त्यांच्या धाकट्या भावंडांच्याही लसीकरण-पत्रिका पाहाव्यात. उणीव आढळल्यास पालकांस समजावून आरोग्यकेंद्राकडे पाठवावे. मात्र त्यापायी कोणाचाही प्रवेश अडवू नये. एका मुलास टोचलेली लस शेजारच्या पाळण्यातील बाळाचेही कवच होते.