सात मीटरचा पट्टा आणि नाल्याचा काठ

१०,००० भागिले ७. उत्तर येते १,४२८. गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, वीज सहज पोहोचेल की फाइल फिरत राहील, हे ताडायचे असेल तर सुरुवात या भागाकारापासून करावी.

१०,००० चौरस मीटर म्हणजे एक हेक्टर. ७ मीटर म्हणजे वनजमिनीवर ११ केव्हीच्या वाहिनीसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मान्य केलेला जास्तीत जास्त पट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, वीज आणि दूरसंचाराच्या तारा अशा १३ सरकारी सुविधांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. ग्रामसभेने शिफारस करायची आणि उपवनसंरक्षक, म्हणजे डीएफओ, यांच्या पातळीवर निर्णय व्हायचा. दिल्ली-नागपूरचे हेलपाटे नाहीत. अटी दोन: प्रत्येक प्रकरणात जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी आणि तोड हेक्टरी ७५ झाडांच्या वर जाता कामा नये.

म्हणजे शेवटच्या खांबापासून टोला जंगलातून १,४२८ मीटरच्या आत असेल तर काम या वाटेने होते. दोन किलोमीटरवर असेल तर १.४ हेक्टर लागतात आणि प्रकरण १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली जाते. मग वनमंजुरीचे परिवेश पोर्टल, तत्त्वतः मंजुरी, अटींची पूर्तता, अंतिम मंजुरी. दोन टोल्यांमधला फरक जेमतेम पावणेसहाशे मीटरचा. एकाचे काम जिल्ह्यात होते, दुसऱ्याचे जिल्ह्याबाहेर जाते.

वाहिनी मोठी झाली की पट्टा रुंदावतो. ३३ केव्हीला १५ मीटर, १३२ केव्हीला २७, २२० केव्हीला ३५, ४०० केव्हीला ४६. ३३ केव्हीची वाहिनी एका हेक्टरात ६६७ मीटर जाऊन थांबते. उलट रस्त्याच्या कडेने एक मीटर रुंदीचा चर खोदून ऑप्टिकल फायबर टाकली तर तोच हेक्टर १० किलोमीटर पुरतो. शिवाय चर दोन मीटरपेक्षा खोल आणि एक मीटरपेक्षा रुंद नसेल, रस्त्याच्या आखलेल्या हद्दीतच असेल, एकही झाड पडणार नसेल आणि राष्ट्रीय उद्यान वा अभयारण्य नसेल, तर अशा कामांना केंद्राने सर्वसाधारण मान्यताच देऊन ठेवली आहे. त्यामुळे काही गावांत फायबर आधी आणि भरवशाची वीज नंतर, असे घडले तर नवल वाटू नये.

हे गणित गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत इतके बोचते, कारण गडचिरोलीच्या १४,४१२ चौरस किलोमीटरपैकी सुमारे ६९ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. चंद्रपूरच्या ११,४४३ चौरस किलोमीटरपैकी सुमारे ३५ टक्क्यांवर. त्यात झुडपी जंगलाची भर. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातली झुडपी जंगलाची जमीन १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनच मानली. सहा जिल्ह्यांत मिळून हा आकडा ८६,४०९ हेक्टर. गावाशेजारची, गुरे चरायची, नाल्याकाठची बोडकी जमीन आता नकाशावर नीट पाहूनच खांब रोवावा लागेल.

आता नाल्याकडे येऊ. समजा नाला ३० मीटर रुंद आहे. ११ केव्हीचा पट्टा त्यावरून गेला तर क्षेत्र २१० चौरस मीटर, म्हणजे ०.०२१ हेक्टर. एक हेक्टरच्या मर्यादेतला फक्त दोन टक्के हिस्सा. वनजमीन वळवताना भरायच्या निव्वळ वर्तमान मूल्याचा २०२२ मध्ये सुधारलेला सर्वांत वरचा दर हेक्टरी सुमारे १५.९५ लाख रुपये. तो लावला तरी नाल्याची किंमत साडेतेहतीस हजारांच्या आसपास. कागदावर नाला म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि इथेच हिशेब चुकतो.

कारण झाडे सारखी पसरलेली नसतात. माळावर विरळ, काठावर दाट: अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. ६०० मीटरच्या वाहिनीला ०.४२ हेक्टर जमीन लागते. हेक्टरी ७५ च्या हिशेबाने ३१ झाडांची मुभा. या ३१ पैकी निम्मी काठावरच पडली तरी सरासरी नियमात बसते, आणि पुढच्या पुरात तोच काठ ढासळतो. या भागात वर्षाला १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, हे दर पावसाळ्यात वाचायला मिळते. ज्या काठाची मुळे निघाली आहेत त्यावरचा खांब अशा पुरात किती दिवस उभा राहील, हे सांगायला अभियंता लागत नाही.

खरे तर झाडे पाडण्याची गरज नियमांनाही तितकी वाटत नाही. तारा ओढण्यासाठी प्रत्येक तारेखाली तीन मीटरचीच पट्टी साफ करायला परवानगी असते आणि काम झाल्यावर तिथे पुन्हा उगवू द्यायचे असते. ११ केव्हीच्या तारेपासून झाडाचे अंतर २.६ मीटर राहिले की पुरे. ४०० केव्हीला ५.५ मीटर. काठापासून मागे सरकून उंच खांब उभे केले आणि एकाच झेपेत तार पलीकडे नेली तर बरीचशी झाडे नुसत्या छाटणीवर वाचतात. पाण्याच्या पाइपलाइनला तर पूल किंवा रपटा असेल तिथे त्याचाच आधार घेता येतो. पात्रात खोदायलाच नको. खर्च थोडा वाढतो. पण प्रस्तावात तो पर्याय मांडलाच नाही तर डीएफओ तरी कशावर सही करणार?

आपल्या परवानगीचे एकक जमीन आहे, पाणी नाही. अमेरिकेत प्रश्न उलट्या टोकाने विचारतात. तिथे स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम ४०४ खाली लष्कराचे अभियंता दल परवानगी देते. वीज-दूरसंचार वाहिन्यांसाठी २०२१ पासून ५७ क्रमांकाचा आणि पाण्याच्या नळांसाठी ५८ क्रमांकाचा देशव्यापी परवाना आहे, आणि त्यात मोजले जाते ते प्रवाहाचे नि पाणथळीचे नुकसान. मर्यादा अर्धा एकर, म्हणजे ०.२ हेक्टर. त्या पद्धतीवरही तिथे भरपूर टीका होते, पण निदान अर्जात नाल्याचा रकाना असतो.

आपल्याकडे असा रकाना अभयारण्याच्या हद्दीत उघडतो. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ सांगते की अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, थांबवणे, वाढवणे हे परवान्याशिवाय चालणार नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा, बफर १,१०१ चौरस किलोमीटरचा. शिवाय चपराळा, भामरागड, घोडाझरी, कन्हाळगाव, कोलामार्का. या हद्दीबाहेर मात्र नदी खोब्रागडी असो की कठाणी, पात्र ही फक्त जमीन. जंगलात असेल तर वनविभागाची, नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारची. वीजवाहिन्यांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत जागाच नाही, म्हणून त्या वाटेनेही नाल्याची चौकशी होत नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने आणखी एक आकडा आणला: ५ हेक्टर. डाव्या कट्टरवादाने ग्रस्त म्हणून अधिसूचित भागात, केंद्राने ठरवलेल्या लोकोपयोगी कामांना पाच हेक्टरपर्यंत वन कायद्यातून सूट. ११ केव्हीच्या हिशेबाने हे ७.१४ किलोमीटर होतात. दुर्गम टोल्यांसाठी मोठाच दिलासा. ३३ केव्हीला ३.३३ किलोमीटर, १३२ केव्हीला दोनपेक्षाही कमी. पण ही सूट गावाच्या गरजेला नव्हे, अधिसूचनेला बांधलेली आहे. जिल्हा यादीतून बाहेर पडला की शांतता आली म्हणून सवलत जाणार आणि दोन किलोमीटरवरचा टोला पुन्हा १,४२८ मीटरच्या गणिताशी येऊन थांबणार. हा तर्क मला उफराटा वाटतो.

मोठ्या कामांची बाजूही विसरू नये. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी ५०० केव्हीची एकदिश वाहिनी १९९९ पासून चालू आहे. अशा वाहिनीचा पट्टा ५२ मीटरचा, म्हणजे जंगलातल्या किलोमीटरमागे ५.२ हेक्टर. हेडरी ते कोनसरी ही लोहखनिजाची ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. मोठ्या कामांकडे सर्वेक्षक असतात, सल्लागार असतात, फाइलीच्या मागे लागणारी माणसे असतात. टोल्याच्या तारेमागे एखादा कनिष्ठ अभियंता आणि ग्रामसभेचा ठराव, एवढेच.

म्हणून त्या ठरावाकडेच लक्ष द्यावे. कलम ३(२) खालची शिफारस ही ग्रामसभेच्या हातातली खरी सत्ता आहे, आणि सामूहिक वनहक्क मिळवून जंगल राखणारी मेंढा-लेखासारखी गावे गडचिरोलीतच आहेत. 'गावाची हरकत नाही' एवढ्या एका ओळीवर अंगठे उमटवू नका. नाल्याच्या दोन्ही काठांवरची झाडे मोजून आकडा लिहा, खांब काठापासून किती मीटर मागे असेल ते लिहा, आणि पात्रातले काम पावसाळ्यापूर्वी कोणत्या तारखेला संपेल तेही लिहून घ्या. नियमात हे तीन रकाने नाहीत. ठरावात घालायला कोणाची परवानगी लागत नाही.